दोन हात

भोगीच्या सकाळी गाडीच्या बॉनेटवर सहज बोट फिरवलं आणि बोट निळं झालं. धूळ किती साचलीय ते पाहायचं होतं, आणि ती होतीच. पण धुळीबरोबर आणखी काहीतरी आलं होतं. पंचाला बोट पुसून पुन्हा फिरवलं. पुन्हा निळं. फळा पुसल्यावर तळहाताला खडू लागतो तसं. मऊ, कोरडं, पिठाळ. छत्तीस वर्षं हातात खडू धरल्यामुळे हा स्पर्श मला लगेच ओळखता आला. सत्तेचाळीस वर्षं अंगणात उभी असलेली गाडी गुपचूप स्वतःचं पीठ पाडत होती.

रंग उडाला, असं आपण म्हणतो. भिंतीचा, साडीचा, चेहऱ्याचासुद्धा. पण तो पाखरासारखा उडून जात नाही. रंगात मुळात दोन गोष्टी असतात: रंगाची पूड आणि त्या पुडीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. ऊन आधी त्या धरणाऱ्याला थकवतं. तो गेला की पूड मोकळी होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या बोटाला लागते. बॉनेटवर मधोमध हाताएवढी एक जागा मात्र अशी होती, की तिथे बोट कोरडं राहिलं. तिथला रंग अजून घट्ट होता, थोडा काळसर, थोडा तुकतुकीत. एवढी जागा कशी काय टिकली, असं मनात आलं आणि गेलं. संध्याकाळी तिळगुळाच्या पाकात मी ते विसरूनही गेलो.

गाडी पद्मिनी. इटलीच्या फियाट ११०० ची ही लेक १९६४ पासून कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ‘डिलाइट’ म्हणून बनायला लागली आणि १९७४ पासून तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. नंबर लावायचा आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहायची, असे ते दिवस. वडिलांचा नंबर १९७८ साली लागला. आणायला ते आणि काका दोघं मुंबईला गेले आणि खंबाटकी घाटात तीनदा थांबून, इंजिनाला वारा घालत, दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात पोचले. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तो गिअर वडील असा टाकायचे, की पेटीवर सूर धरल्यासारखा वाटावा. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, निरोपाचे लेख लिहिले. आईने फोटो पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाली, “आपली आहे की अजून.”

वडील गेल्यापासून गाडीला रोज कापड मारणारं कोणी उरलं नव्हतं. मी निवृत्त झालो आणि पहिल्याच हिवाळ्यात बोट निळं झालं. एका गॅरेजात रंगाचं विचारून आलो. त्यांनी सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीपेक्षा मोठा होता. शिवाय सांगताना त्या तरुणाने गाडीकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली नाही. तेव्हा ठरवलं, गाडी घरीच मारायची.

‘गाडी मारणं’ हा शब्दप्रयोग मी मिस्त्रींकडून शिकलो. उद्यमनगरात चाळीसेक वर्षं त्यांनी गाड्या मारल्या. आता छाती साथ देत नाही म्हणून काम सोडलेलं. एकेकाळी त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, एवढ्या धाग्यावर ते आले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, दार उघडून लावलं, त्या आवाजाला मान डोलावली आणि अंगणातल्या खुर्चीत बसत म्हणाले, “मी सांगतो, तुम्ही करा. पर सर, एक ध्यानात घ्या. रंग मारायचा म्हंजी आधी रंग काढायचा.”

पुढचे अठरा दिवस मी रंग काढत होतो.

कुणी विचारलं, ‘गाडी कशी रंगवलीत?’ तर खरं उत्तर ‘घासून’ असं आहे. रंगवण्याचं काम एका सकाळचं, घासण्याचं तीन आठवड्यांचं. आधी गंजाच्या जागा पत्र्यापर्यंत खरवडायच्या. मग पोचे. दाराला एक पोचा होता, मी कॉलेजात असताना महाद्वार रोडला सायकल आपटून पाडलेला आणि कधीच कबूल न केलेला. मागच्या मडगार्डला एक होता, त्याचा इतिहास कुणालाच माहीत नाही. त्यांत लांबी भरायची, ती वाळली की घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. मग तांबडं अस्तर आणि पुन्हा घासणं. पॉलिश पेपरच्या मागे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका कागद मऊ. ऐंशीने सुरुवात केली, दोनशे वीसवर आलो, मग पाण्यात भिजवून चारशे, मग आठशे. ऐंशीचा कागद भांडखोर, ओरखडल्याशिवाय त्याला करमत नाही. आठशेचा हातात आला तेव्हा तो घासतोय की समजूत काढतोय, हेही कळेना.

घासताना एक गोष्ट घडते, ती मला कुणी सांगितली नव्हती. एका जागी कागद गोल फिरत राहिला की त्या जागेभोवती वलयं उमटतात. सगळ्यात बाहेर आजचा विटका निळा. त्याच्या आत १९९२ मध्ये वडिलांनी एका गॅरेजात दिलेला थोडा गडद हात. त्याच्या आत राखाडी, मग कारखान्यातला मूळ आकाशी, मग तांबडं अस्तर आणि मधोमध रुपयाएवढा उघडा पत्रा. भूगोलाच्या पुस्तकात डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात तसं. मी दिवसभर असे डोंगर उघडे करत होतो. दुपारी कढी-भात जेवायला बसलो तर भाताच्या मुदीभोवती पिवळी वलयं दिसायला लागली.

१९९२ च्या थरात दाराच्या खालच्या कडेला एक केस अडकलेला दिसला. ब्रशचा केस. म्हणजे गॅरेजातून आल्यावर कधीतरी तिथे रंगाचा टवका उडाला असणार आणि वडिलांनी डब्यात उरलेला रंग स्वतःच ब्रशने लावला असणार. जवळून पाहिलं तर ब्रशच्या रेघाही दिसत होत्या, वरून खाली, वरून खाली, शेवटी जरा घाईत. शेवटची रेघ पाहून मला त्यांची सही आठवली. तीही शेवटी अशीच धावायची. अर्धा तास मी त्या वीतभर जागेला कागद लावला नाही. शेवटी मिस्त्री म्हणाले, “ऱ्हाऊ दे म्हणलासा तर वरनं दिसंल ते. नवा रंग खालचं काय झाकत न्हाई.” मग घासलं. केस कागदावर निळ्या चिखलात आला आणि पाण्याच्या बादलीत गेला.

मिस्त्रींची एक पद्धत होती. मी ‘झालं’ म्हणालो की ते उठत, खिशातला सुती रुमाल पत्र्यावर पसरत, त्यावर तळहात ठेवत, डोळे मिटत आणि हात सावकाश सरकवत. रुमाल कशाला? तर उघडा तळहात पत्र्याला चिकटतो, घामाने अडतो. रुमालावरून तो सरकतो आणि खालचा चढउतार नीट कळतो. “डोळ्याला चकाकी दिसती सर, हाताला खड्डा घावतो.” मीही डोळे मिटून हात फिरवायला लागलो. पहिल्या दिवशी काही कळलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी केसाएवढा चढ जाणवला आणि मी ओरडलोच. आयुष्यभर पेपर तपासले, चुकीखाली लाल रेघ मारली. पण डोळे मिटून चूक शोधण्याचं सुख मला साठीनंतर मिळालं.

मग रंगाचा प्रश्न आला. गाडीच्या कागदपत्रांत रंगाचा रकाना असतो. रंग बदलायचा तर आर.टी.ओ.त जाऊन नोंद बदलून घ्यावी लागते. आमच्या नोंदीत आकाशी आहे आणि तो बदलण्याचं धाडस घरात कुणाचंच नव्हतं. पण आकाशी म्हणजे कुठला? मिस्त्रींनी दाराच्या चौकटीवरचं रबर ओढून काढलं. त्याच्याखाली बोटभर रुंदीची एक पट्टी होती, तिच्यावर १९७८ पासून ऊन पडलं नव्हतं. तो निळा पाहून मी दचकलो. इतका कोवळा, इतका उत्साही. हसायला येईल असा. ही गाडी कधी अशी होती? मी शाळेत असताना ती अशीच दारात आली असणार, पण मला तो रंग आठवतच नव्हता. मला आठवत होता तो नंतरचा, जरा दमलेला, ज्या रंगात आम्ही नृसिंहवाडीला गेलो, ज्या रंगात बहिणीची पाठवणी झाली.

“शोरूमचा रंग पायजे, का तुमचा?” मिस्त्रींनी विचारलं.

रंगाच्या दुकानात ते एका पत्र्याच्या तुकड्यावर थेंब थेंब करून रंग जुळवत होते. निळ्यात पांढरा, मग पिवळ्याचा एक थेंब, मग काळ्याचा एक. काळ्याचा थेंब पडला की रंग दहा वर्षांनी वाढायचा. तीन थेंबांनंतर मी त्यांचा हात धरला. तो मधला कुठला तरी निळा झाला, शोरूममधला नाही आणि माझ्या आठवणीतलाही नाही. दुकानदाराने डब्यावर पेनने फक्त ‘फियाट’ असं लिहिलं.

डब्यात होता तो एन.सी., म्हणजे नायट्रोसेल्युलोज. हल्ली गॅरेजात मारतात तो पी.यू.; तो अधिक टिकतो, अधिक चमकतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि ती वाफ फुप्फुसाला लागली तर आयुष्यभराचा दमा लागू शकतो. धुळीचा साधा मास्क तिथे उपयोगाचा नाही. “पी.यू. घरात न्हाई मारायची,” मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि पुढे खोकल्यामुळे त्यांना बोलता आलं नव्हतं. एन.सी.चा थिनरही काही तुळशीचं पाणी नव्हे. मास्क, उघडं अंगण आणि आसपास विस्तव नाही, हे नियम त्यालाही होतेच. आईचा देवघरातला दिवासुद्धा त्या सकाळी उशिरा लागला.

कोल्हापुरातला कुठलाही सुतार चकचकीत रंगाला ‘ड्युको’ म्हणतो. लग्नातला पलंग ड्युकोचा, दुकानाचं काउंटर ड्युकोचं. ते खरं तर अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने १९२०च्या दशकात गाड्यांसाठी काढलेल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव. त्याआधी गाडी ब्रशने रंगवायची म्हणजे एकेक थर वाळायची वाट पाहण्यातच आठवडे जात. हे लॅकर फवारता यायचं आणि मिनिटांत वाळायचं. मला यातली गंमत वेगळीच वाटते. ते सापडलं सिनेमाच्या फिल्मवर प्रयोग चालले असताना. तेव्हाची फिल्मही नायट्रोसेल्युलोजचीच. आतून दोघी सख्ख्या बहिणी. हे साल १९२०. आणि त्याच १९२० मध्ये आमच्या गावच्या बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट आला होता. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या, स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवणाऱ्या या माणसाचं मूळ आडनाव मेस्त्री. लोकांनी त्यांना पेंटर म्हटलं आणि तेच नाव राहिलं. या गावात ‘पेंटर’ ही पदवी आहे आणि ‘मिस्त्री’ हीसुद्धा. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या माझ्या मिस्त्रींना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “असंल. पर त्यांनी गाडी मारली नसंल.”

फवारायचा दिवस उजाडला. काचांना आदल्या रात्रीच कागद चिकटवून ठेवले होते. समोरच्या काचेवर कुणाची तरी पुण्यतिथी, मागच्या काचेवर वधू पाहिजे. कॉम्प्रेसर भाड्याने आणलेला, त्याच्या टाकीतलं पाणी काढून टाकलेलं, कारण हवेबरोबर पाण्याचा एक थेंब आला तरी रंगाला फोड येतो. धूळ बसावी म्हणून अंगण ओलं करायचं होतं. मी नळी शोधत होतो, तेवढ्यात आई तांब्या घेऊन आली आणि तिने सडा घातला. ऐंशी ओलांडलेल्या त्या मनगटातून पाणी असं सुटलं, की एका जागी थेंब जास्त नाही, एका जागी कमी नाही. मिस्त्री खुर्चीतून पाहत होते. म्हणाले, “बगा. असं.”

पण गन हातात घेतल्यावर नेमकं ‘असं’ करायचं नसतं. सड्याला मनगट फिरतं. गनला मनगट फिरवलं की मधे रंग दाट आणि कडांना विरळ. पत्र्यापासून वीतभर अंतर ठेवायचं, हात पत्र्याला समांतर न्यायचा, चाल खांद्यातून यायला हवी. कडेच्या आधी ट्रिगर दाबायचा, कड ओलांडल्यावर सोडायचा. दुसरा पट्टा पहिल्याच्या निम्म्यावर यायला हवा. थांबलात तर ओघळ, धावलात तर खरखर. “कोट शिवल्यागत न्हाई, इस्त्री केल्यागत चाला,” मिस्त्री म्हणाले. पहिला हात हलका, धुरळ्यासारखा. खालचं दिसलं तरी चालेल. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग दुसरा हात. मग एक भरून.

त्या दहा-पंधरा मिनिटांत, मास्क कपाळावर सरकवून उभा असताना, मला तो शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आला. हात. रंगाचे किती हात दिले? दोन हात. भिंतीला एक हात मार. ब्रश होता तेव्हा ते बरोबरच होतं. प्रत्येक थरात खरोखर एक हात असायचा, वडिलांच्या त्या घाईतल्या रेघेत होता तसा. पण फवारणीचा सगळा खटाटोप हाताची खूण राहू नये यासाठी. चांगली मारलेली गाडी कुणी मारली हे कळता कामा नये, नव्हे, कुणी मारली असेल ही शंकाही येता कामा नये. गन पत्र्याला लागत नाही, बोट रंगाला लागत नाही. मधे फक्त हवा. तरी मोजायची वेळ आली की आपण हातच मोजतो.

ही हवाही मोठ्या मजेशीर वाटेने आली आहे. अमेरिकेत डेव्हिलबिस नावाचे एक डॉक्टर होते, कान-नाक-घसावाले. रुग्णाच्या घशात औषध फवारण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी एक यंत्र केलं. पुढे त्यांच्या मुलाने त्याच कल्पनेवर रंगाची गन बनवली. घसा बरा करायला निघालेली वस्तू कारखान्या-कारखान्यांत गेली आणि रंगाऱ्यांचे घसे धरून बसली. खुर्चीतून येणारा खोकला मी ऐकत होतो. पण त्या डॉक्टरच्याही फार आधी माणसाला फवारणी येत होती. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या गुहांत सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीचे हाताचे छाप आहेत. भिंतीवर पंजा ठेवायचा, त्याच्याभोवती लाल रंग फुंकायचा आणि पंजा काढून घ्यायचा. राहतो तो हात नव्हे, हाताची रिकामी जागा. म्हणजे माणसाने फवारून काढलेल्या अगदी जुन्या चित्रांतलं एक चित्र हाताचंच, आणि त्यातही हाताला रंग लागलेला नाही.

“सर, पंधरा मिन्टं झाली,” मिस्त्री म्हणाले.

दारं छान बसली. मडगार्डं बसली. बॉनेटला भरून हात दिला आणि डोळ्यांसमोर रंग मागे सरला. म्हणजे सगळीकडे नाही. मधोमध, मोहरीएवढे गोल खळगे पडत गेले. रंग त्या जागेला शिवायला तयार नव्हता. मिस्त्री उठून उभे राहिले. “फिश आय. खाली तेल हाय.” खळगे ओळीने होते. एक ओळ उभी, एक आडवी, टोकांना काटकोनात वळलेल्या चार छोट्या ओळी. आई ओसरीवरून बघत होती. तिला आधी कळलं.

“अगं बाई. माझं स्वस्तिक.”

सत्तेचाळीस दसरे. खंडेनवमीला गाडी धुवायची, दसऱ्याला झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. कुंकू आई तेलात कालवायची. पाण्याचं दोन दिवसांत झडतं, तेलाचं दिवाळीपर्यंत राहतं, हा तिचा हिशोब. दरवर्षी तेच बोट, तीच जागा. तेल रंगात मुरत गेलं. भोगीला जिथे माझं बोट कोरडं राहिलं होतं ती हीच जागा. तिथला रंग तेलामुळे टिकला होता आणि ‘इथला घट्ट आहे’ म्हणून मी तिथे सगळ्यांत कमी घासलं होतं. वरून कुंकू केव्हाच पुसलं गेलं होतं. खाली बोट होतं.

मिस्त्रींनी काही शिकवण दिली नाही. “पत्र्यापर्यंत काढा,” एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी स्वस्तिक खरवडलं. थिनरचे बोळे करून पत्रा पुसला, बोळा टाकून नवा घेतला, पुन्हा पुसला. पुन्हा अस्तर, पुन्हा घासणं. आई तिथे आली नाही. मी काही चुकीचं करतोय असं तिला वाटत होतं की काय, मी विचारलं नाही. दुपारी तिने चहा पाठवला.

तीन दिवसांनी बॉनेट दुसऱ्यांदा मारलं. या खेपेला रंग आरशासारखा पसरला. मी गन खाली ठेवतो तोच नदीकडून वारा आला आणि वाऱ्याबरोबर उसाच्या पाचटाची काजळी. हंगामात आमच्याकडे ही असतेच. कुणाच्या तरी शिवारात पाचट पेटवतात आणि काळ्या हलक्या पाकळ्या दोरीवरच्या धोतरांवर, पापडांवर, दह्यावर येऊन बसतात. एक पाकळी गिरक्या घेत आली आणि ओल्या निळ्यावर टेकली. माझा हात पुढे गेला. “हात लावू नगासा!” मिस्त्री ओरडले, पण तोवर लागला होता. काजळीचा काळा ओरखडा आणि त्याच्या टोकाला माझ्या तर्जनीचा ठसा, रेषा न् रेषा दिसणारा, तलाठ्याच्या कागदावर उमटावा असा.

एन.सी.ची एक भलाई आहे, तो माफ करतो. दोन दिवस पूर्ण वाळू दिला, मग हजारचा, पंधराशेचा, दोन हजारचा कागद पाण्यात भिजवून हळूहळू. ओरखडा गेला, ठसा गेला. बॉनेट पार धुरकट दिसायला लागलं, आता संपलंच असं वाटलं. मग रबिंग कंपाउंड आणि सुती कापड. गोल, गोल, गोल. संध्याकाळी त्या धुक्यातून आधी पत्र्यात आमच्या ओसरीचा खांब दिसला, मग खांबाशी बसलेली आई, मग तिच्या हातातल्या वाती. मिस्त्रींनी रुमाल काढला, पसरला, डोळे मिटले. हात या टोकाकडून त्या टोकाला गेला. मधे कुठे थांबला नाही. डोळे उघडून ते म्हणाले, “काय घावत न्हाई.”

मला आनंद झाला. खूप झाला. आणि त्या आनंदात एक बारीकसं काहीतरी खुपतही होतं, दातात अडकलेल्या तिळासारखं. इतका चकचकीत आरसा, त्यात सगळं अंगण दिसतं, आभाळ दिसतं, मी दिसतो. मात्र माझे अठरा दिवस, वडिलांची घाईतली रेघ, आईचं बोट, यांतलं त्यात काहीच दिसत नाही. ते दिसत नाही, म्हणूनच काम चांगलं झालं आहे.

मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही. गाडीतून घरी सोडा, म्हणाले. रंकाळ्यावरून गेलो. सिग्नलला एक पोरगा मोटरसायकलवरून वाकून बघत म्हणाला, “काका, कुठं मारली?” मिस्त्रींनी पुढे बघत उत्तर दिलं, “घरात.”

यंदा दसऱ्याला सकाळी गाडी धुतली. पुसायला मऊ कापड घेतलं, झेंडूची माळ बांधताना तार पत्र्याला लागू नये म्हणून खाली रुमाल धरला. आई ताम्हन घेऊन आली. ताम्हनात हळद, कुंकू, अक्षता, आपट्याची पानं. बॉनेटसमोर येऊन ती थांबली. पत्र्यात तिचा चेहरा दिसत होता, त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, मग माझ्याकडे.

“पाण्यात कालवू का रे यंदा?”

मी आत गेलो आणि तेलाची वाटी घेऊन आलो.